न पाहिलेलं रोम

शनिवार, ६ ऑक्टोबर

आला! दोन दिवस बसमध्ये अंग आंबवून आला, आणि उतरल्या उतरल्या पहिलं वाक्य काय — "चपला नव्या का गं?" चौदा वर्षांत पहिल्यांदा रोममध्ये पाय ठेवला माझ्या नवऱ्याने, आणि याला दिसल्या माझ्या चपला!

दोन पिशव्या. एकीत कपडे. दुसरीत भाजलेल्या मिरच्या-वांग्यांच्या बरण्या, धुरावलेली डुकराची चरबी, चीज, पाण्याच्या बाटलीत आलुबुखाराची दारू आणि एक कोबी. कोबी! "अरे, रोममध्ये कोबी मिळत नाही का?" तर म्हणे, "असा मिळत नाही." आता यावर काय बोलणार.

मी त्याचा कोपर धरला. उजव्या हाताने कोपर, डावा हात पाठीमागे, फुटपाथची कड आली की "पायरी आहे हं". घर येईपर्यंत माझ्या लक्षातच आलं नाही. गवरील थांबला आणि म्हणाला, "अग्लाया, मी पडतोय असं वाटतंय का तुला?" चौदा वर्षं म्हातारी माणसं धरून चालल्यावर हात दुसरं काही शिकलेच नाहीत.

मी सांभाळायचे त्या एर्सिलियाबाईंच्या घरात उतरलोय. बाई ऑगस्टमध्ये गेल्या. त्र्याण्णव वर्षांच्या. घर विकलं, नवे मालक पंधरा तारखेला येतात. त्यांची मुलगी दोनातेल्ला म्हणाली, "तू माझ्या आईचे डोळे मिटलेस. आठ दिवस नवऱ्याला बोलाव. पाहुणीसारखी राहा, रोम बघ." मला रडूच आलं. एवढं कोण करतं?

आणि मग तिने दुसरं विचारलं. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांतली ती नाही, सरळच विचारलं. तिचे काका, ओरेस्ते, पूर्वी ट्राम चालवायचे, आता अर्धांगवायूने पडलेत. सांभाळायला ठेवलेल्या तीन बायका पळवून लावल्या त्यांनी. "तूच टिकशील. रविवारी चौदा तारखेला सांग."

गवरीलला यातलं काही माहीत नाही. त्याला वाटतंय, रविवारच्या बसने आम्ही दोघं घरी जाणार. कायमचे. लेकीचं, इलिंकाचं, डॉक्टरकीचं शिक्षण अजून दोन वर्षं आहे, हे त्यालाही ठाऊक आहे, मलाही. बोलत कोणीच नाही.

रविवार, ७ ऑक्टोबर

सवयीने स्वयंपाकघरामागच्या माझ्या खोलीतच अंथरूण घातलं. एका माणसाची खाट. गवरील उशी काखेत मारून दारात उभा. "एवढा मोठा पलंग तिकडे मोकळा, आणि आपण काय इथे सांदीत?" मी म्हटलं, तो बाईंचा आहे. तो म्हणाला, "बाई आता रागावणार नाहीत." शेवटी हॉलमध्ये जमिनीवर गाद्या टाकल्या. दोघं. सहाला दचकून उठले — गोळ्यांची वेळ! कुणाच्या गोळ्या? पुन्हा पडले. गवरील घोरत होता. किती दिवसांनी ऐकलं ते! बरं वाटलं.

मग निघालो रोम बघायला. आणि तिथेच फसलो. आमच्या गावात एक चर्च. त्याच्यासमोरून जाताना टोपी काढायची, थांबायचं, तीनदा छातीवर क्रूस काढायचा. जन्माची सवय! इथे वीस पावलांवर एक चर्च. टोपी काढ, थांब, एक, दोन, तीन. टोपी घाल. चार पावलं. पुन्हा टोपी काढ. एक गल्ली पार करायला पाऊण तास! मी म्हटलं, "अरे, ही त्यांची आहेत, आपल्या पंथाची नाहीत." तर म्हणे, "देव काय दार बघून ओळखतो?"

आणि शेवटी एका जागी याने नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. उंच खांब, रुंद पायऱ्या, वर कुठलीशी पंखवाली बाई. दारातल्या पहारेकऱ्याने पण आदराने मान लववली बिचाऱ्याने. बँक होती! मी रस्त्यात बसून हसले. "असू दे," म्हणाला, "तिथे पण लोक काहीतरी मागायलाच जातात."

सोमवार, ८ ऑक्टोबर

आज अब्रू गेली माझी.

गवरीलला वाटलेलं, मी त्याला शहर दाखवीन. चौदा वर्षं राहिलेली बाई! मोठ्या गोल जुन्या आखाड्याच्या भिंतीपाशी उभा राहून विचारतो, "इथे काय व्हायचं गं?" मी म्हटलं, "इथे डाव्या हाताला संडास आहे, स्वच्छ असतो. मागच्या बाजूला लिफ्ट आहे, पण बुधवारी बंद असायची." तो माझ्याकडे बघतच राहिला. मग मी सांगत सुटले. माझं रोम म्हणजे — कुठल्या औषधाच्या दुकानात प्रश्न न विचारता उधारीवर गोळ्या देतात. कुठल्या बाकाला पाठ आहे. कुठल्या चर्चला चाकाची खुर्ची चढवायला उतार आहे. रक्त तपासायला कुठे सातला गेलं की रांग नसते. आत? आत मी कुठेच गेले नाही. तिकीट काढून एकदाही नाही.

जेवायला गेलो, तर मी वेटरकडे संडासाजवळचं टेबल मागितलं. मटण आलं, तशी गवरीलची ताटली ओढून बारीक तुकडे करू लागले. तो शांतपणे बघत होता. सगळं कापून झाल्यावर म्हणाला, "दात आहेत मला अजून. पण कापलंच आहेस, तर आता भरव पण!" शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली, एवढे हसलो. हसता हसता मी रडले, तो भाग वेगळा.

मंगळवार, ९ ऑक्टोबर

पाय सुजले. कुठे गेलो नाही. त्याने कोबी केला. खरंच, असा मिळत नाही इथे.

बुधवार, १० ऑक्टोबर

छताला भलंमोठं गोल भोक असलेलं ते जुनं देऊळ बघितलं. सगळे लोक माना वर करून उजेड बघतायत, आणि आमचा रेल्वेतला, रूळ बदलणारा सांधेवाला खाली बघतोय! "पाऊस पडला तर पाणी कुठे जातं?" चाळीस वर्षं रुळांच्या कडेने पाण्याचे चर बघितलेला माणूस तो. गुडघ्यांवर बसून फरशी चाचपायला लागला. एका परदेशी बाईला वाटलं हा प्रार्थना करतोय, तीही शेजारी गुडघ्यांवर बसली, डोळे मिटून! सापडली शेवटी — फरशीतच बारीक बारीक भोकं. जणू त्याने स्वतः पाडलीत असा आनंद. "दोन हजार वर्षं तुंबलं नाही, अग्लाया! आपल्या स्टेशनात दर मार्चला तुंबायचं."

बाहेर पायऱ्यांवर बसलो. मी त्याला एर्सिलियाबाईंची गंमत सांगत होते — पहिली दोन वर्षं त्या मला दोरा म्हणायच्या. दोरा म्हणजे माझ्या आधीची कामवाली. मी पण "हो बाई" म्हणायचे, उगाच कशाला वाद घाला.

गवरीलने टोपी गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "तुझी आई शेवटच्या हिवाळ्यात मला अग्लाया म्हणायची."

हे मला माहीत नव्हतं. पाच वर्षं झाली आई जाऊन. तीन वर्षं अंथरुणात होती. मी इथे दुसऱ्याच्या आईला भरवत होते, आणि माझ्या आईला हा भरवत होता. जावई! धुणं, पुसणं, सगळं याने केलं. फोनवर विचारलं की एकच उत्तर — "बरी आहे, जेवली." एवढंच. गावातल्या बायका त्याला हसायच्या, तेही मला दुसऱ्यांकडून कळलेलं.

"मग तू काय म्हणायचास?"

"काय म्हणणार! म्हणायचो, हो आई, इथेच आहे मी."

मी त्याचा हात धरला. या वेळी कोपर नाही, हात. देवा, या माणसासाठी तुझे किती उपकार मानू? उद्या सांगायचंच त्याला. ओरेस्तेंचं सगळं. नक्की.

गुरुवार, ११ ऑक्टोबर

माझ्या आधी सावेताने सांगून टाकलं. तोंडात तीळ भिजेल तर शपथ!

गुरुवारची दुपार ही आम्हा सगळ्यांची सुट्टी. स्टेशनमागच्या बागेत बाकांवर आमच्याच देशातल्या, म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या बायका — सुचावाच्या, बाकाऊच्या, वास्लुईच्या. मांडीवर डबे, पायाशी गावाला पाठवायची पार्सलं. मी गवरीलला घेऊन गेले. एवढ्या बायकांत एकटा पुरुष. टोपी काढून आमच्याकडच्या रीतीने प्रत्येकीला "हात चुंबतो, ताई" करत गेला, तर नूत्सा म्हणाली, "थांबा भाऊजी, माझा पुन्हा एकदा चुंबा, बारा वर्षं कोणी विचारलं नाही!"

सावेता मला म्हणते, "अगं, हा खराच आहे होय! आम्हाला वाटायचं, तू फोटो कुठूनतरी विकत आणलास." मग गवरीलला, "भाऊजी, चौदा वर्षं वाट बघितलीत? माझ्या नवऱ्याने चौदा महिने पण नाही बघितली. दुसरी आणली, तीही माझ्या पैशांनी रंगवलेल्या खोलीत!" सगळ्या हसल्या. ती सगळ्यात मोठ्याने. गवरील नाही हसला. त्याने चरबीचा सगळ्यात चांगला तुकडा कापला, पावावर ठेवला आणि आधी तिला दिला.

सगळं छान चाललं होतं. आणि घास गिळता गिळता सावेता म्हणाली, "मग, त्या ट्रामवाल्या म्हाताऱ्याला हो म्हणालीस का? दोनातेल्ला सगळीकडे सांगत सुटलीय, अग्लाया येणार म्हणून."

मी डब्याचं झाकण लावायला लागले. गवरीलचा चाकू एकदा थांबला, मग पुन्हा कापायला लागला. सगळ्या बायकांना वाढलं त्याने. बाटली रिकामी झाली. निघताना प्रत्येकीने त्याला काहीतरी दिलं — कुणी मोजे, कुणी गोळ्यांची पुडी, कुणी नुसतं "तिला सांभाळा हो".

परत येताना सहा चर्च लागली. एकाहीपुढे थांबला नाही. टोपी हातातच होती. मला वाटलं, आता बोलेल, आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं! दारात आल्यावर म्हणाला, "कधी सांगणार होतीस?"

"रोज. रोज सांगणार होते."

"इलिंकासाठी ना?"

"इलिंकासाठीच. दोनच वर्षं रे."

"तेव्हा पण दोनच म्हणाली होतीस," म्हणाला. खरं आहे. २००४ साली स्टेशनवर हेच म्हटलं होतं मी. रागावून नाही म्हणाला. म्हणून जास्त लागलं. मग बूट काढता काढता, "उद्या मला तो म्हातारा दाखव."

शुक्रवार, १२ ऑक्टोबर

आज खूप लिहायचंय.

ओरेस्ते चौथ्या मजल्यावर राहतात. उजवी बाजू पूर्ण गेलेली, जीभ अर्धी शाबूत. तेवढ्या अर्ध्या जिभेने पण शिव्या अख्ख्या देतात! दार उघडलं तेव्हा जमिनीवर कप फुटलेला, दोनातेल्ला फडक्याने पुसतेय. मला बघून ओरडले, "आणखी एक! ही पण पळेल!" मी म्हटलं, "आजोबा, तुमच्यापेक्षा वाईट बघितलेत मी." दोनातेल्लाने जीव मुठीत धरला होता.

गवरीलला इटालियन येत नाही. धन्यवाद आणि नमस्कार, बस्स. तो खाटेपाशी गेला आणि नुसता बघत राहिला. म्हातारा वेडावाकडा घसरलेला, मान भिंतीला लागलेली, कुठेतरी दुखत असणार. मी पुढे होणार, तोवर गवरीलने बाह्या वर केल्या. खांद्याला हात लावला नाही. सगळे खांदाच ओढतात, तिथेच चूक होते! त्याने खालची चादर दोन्ही मुठींत घेतली, स्वतःचा गुडघा खाटेवर टेकवला, म्हाताऱ्याच्या श्वासाची वाट बघितली आणि श्वास सोडताना एका झटक्यात वर सरकवलं. मग कूस बदलली, गुडघ्यांमध्ये उशी, टाचेखाली घडी केलेला टॉवेल. टाचेखाली! हे मला इथे तिसऱ्या वर्षी कळलं होतं.

ओरेस्ते गप्प. पहिल्यांदाच गप्प, दोनातेल्ला म्हणाली.

मी विचारलं, "हे तुला कोणी शिकवलं?"

"तुझ्या आईने," म्हणाला. "चुकलं की चिमटा काढायची."

मी स्वयंपाकघरात गेले. फुटलेला कप टाकायचा होता म्हणून गेले, असं लिहायला हरकत नाही. मी हे कधी बघितलंच नव्हतं. तीन वर्षं त्याने हे केलं, दिवसातून पाच-सहा वेळा, आणि माझ्या डोळ्यांसमोर एकदाही नाही. आईच्या पाठीला एकही जखम नव्हती — अंघोळ घालणाऱ्या बायकांनी अंत्यसंस्काराच्या दिवशी सांगितलं होतं मला, आणि मी नुसतं "बरं" म्हटलं होतं! नुसतं बरं!

बाहेर आले तर वेगळंच चाललेलं. भिंतीवर ओरेस्तेंचा तरुणपणीचा फोटो, ट्रामच्या दारात उभे. गवरीलने फोटोकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीकडे, आणि ताटातल्या पावाच्या कांड्या घेऊन रूळ मांडले. सांधा दाखवला, कसा बदलायचा ते. म्हाताऱ्याने डाव्या हाताने एक कांडी सरकवली — चूक, इथे नाही, इथे! दोन तास! एकाला दुसऱ्याचा शब्द कळत नव्हता आणि दोघं भांडत होते. जाताना ओरेस्ते त्याचा हात सोडेनात.

दोनातेल्ला जिन्यापर्यंत आली. "रविवारी भेटू, अग्लाया." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. वाईट बाई नाही ती. थकलेली आहे.

शनिवार, १३ ऑक्टोबर

शेवटचा दिवस. कारंज्यापाशी गेलो. आमच्या बायकांपैकी एकही त्यात नाणं टाकत नाही. टाकलं की रोमला परत यावं लागतं म्हणतात. परत यायची हौस कोणाला! मी पर्स उघडली, रुमाल काढायला. गवरीलने मनगटच धरलं. "तू नको." मी म्हटलं, अरे रुमाल! पण त्याने सोडायला वेळ लावला.

तिथेच सांगून टाकलं. एवढ्या गर्दीत, फोटो काढणाऱ्यांच्या धक्क्यांत. "मी हो म्हणणारेय उद्या. दुसरा रस्ता नाही. दोन वर्षं, आणि या वेळी खरंच दोन." तो पाण्याकडे बघत होता. मी म्हटलं, "काहीतरी बोल." तर म्हणाला, "भूक लागलीय." मला इतका राग आला! मग त्याने पिशवीतून पाव काढला, अर्धा मला दिला, आणि तिथेच कठड्यावर बसून खाल्ला आम्ही. लोकांच्या फोटोंमध्ये आलो असू, दोन म्हातारी पाव खाताना.

पण लिहून ठेवते. हे आठ दिवस मला मिळाले. बोलणं झालं, भांडण झालं, हसून पोट दुखलं. सावेताला यातलं काही मिळालं नाही. मी कुरकुर करणार नाही. आभार. सगळ्यांचे आभार — एर्सिलियाबाईंचेसुद्धा, गेल्या तरी घर देऊन गेल्या.

रविवार, १४ ऑक्टोबर

घर पुसून काढलं. गवरीलची पिशवी भरली — मोजे वर, वाटेत लागतील. रिकाम्या बरण्या परत पाठवते. माझी बॅग उघडून कपडे पुन्हा बाहेर काढले. अकराला दोनातेल्ला येईल. बस दोनला. हा माणूस सकाळी सातला दाढी करून बाहेर पडला, तो अजून पत्ता नाही! चर्च मोजत बसला असेल कुठेतरी.

सोमवार, १५ ऑक्टोबर

हंगेरी. बस गावाकडे चाललीय. खिडकीपाशी मी आहे. ड्रायव्हरने यादीतलं गवरीलचं नाव खोडून माझं लिहिलं.

तो ओरेस्तेंकडे राहिला. काल सकाळीच जाऊन दोनातेल्लाला हो म्हणून आला, हातवारे करून! मी ओरडले, "तुला भाषा तरी येते का?" म्हणाला, "तुला येत होती?"

माझ्या मांडीवर त्याने लिहून दिलेला कागद आहे. पुढच्या दाराचं कुलूप चार वर्षांपूर्वी बदललंय, मोठी किल्ली आता मागच्या दाराची. चूल पेटवताना झडप डावीकडे. कोंबड्या सहाला कोंडायच्या. सगळ्यात खाली — "कुत्रा गेल्या हिवाळ्यात आणला, तो तुला ओळखत नाही. भुंकेल. आत घुसू नकोस, हाका मारू नकोस. पायरीवर बसून राहा. येईल तो."